आबांची खुर्ची

माझं लग्न फुटबॉलवरून जमलं असं सांगितलं की नातवंडं मला वेड्यात काढतात. काढू देत. कळमनुरीच्या वाटेवर आमचं गाव आणि आबा, म्हणजे माझे वडील, तिथले पाटील. हिंगोलीला फौजेची छावणी होती तेव्हा पोरवयात ते घोड्यांसाठी कडबा घेऊन जायचे. कडबा उतरला की शिपायांचा फुटबॉल बघत बसायचे, ते अंधार पडेपर्यंत. पुढं छावणी उठली, मैदान राहिलं, आणि आबांच्या डोक्यातला चेंडूही राहिला. मी लग्नाची झाले तेव्हा त्यांनी त्याच मैदानावर परभणीवाल्यांशी खेळताना एक पोरगा पाहिला. गर्दीतून चेंडू काढायचा आणि गोलात घालायचा, एवढंच त्याला ठाऊक. कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला, आई-बाप नाहीत, गावाकडं चुलत्याजवळ थोडी जमीन. आईनं विचारलं, पोरीनं खायचं काय, चेंडू? आबा म्हणाले, आमी माणूस पाहिला. त्याच उन्हाळ्यात अक्षता पडल्या आणि मी हिंगोलीत आले.

तेव्हा निजामाची अमदानी, सुट्टी शुक्रवारी. एरवीच्या मॅची म्हणजे शाळेची पोरं नाहीतर बसमतचा एखादा संघ. जिनिंगचा भोंगा झाला की संध्याकाळी खेळायचे आणि आमचे मालक, म्हणजे तोच पोरगा, हमखास गोल मारून यायचे. मोठी मॅच मात्र शुक्रवारची. परभणीचा नाहीतर नांदेडचा संघ यायचा, तहसीलदारसाहेबांसाठी शामियाना पडायचा, शामियान्यात खुर्च्या, खुर्च्यांवर अंमलदार आणि आसपासच्या गावचे पाटील-देशमुख. पुढच्या रांगेतली एक खुर्ची आबांची. बाकीचं गाव उन्हात उभं. लग्नाआधी अशाच मॅचीत मालकांनी नाव काढलं होतं. लग्नानंतरच्या पहिल्या मोठ्या मॅचीत त्यांना एक गोल साधला नाही. लोक म्हणाले, होतं एखाद्या वेळी. दुसऱ्या मोठ्या मॅचीतही तेच झालं, आणि मग लोक म्हणायचे थांबले आणि कुजबुजायला लागले.

कुजबुज करायला जागा कुठली, तर आमच्या दाराची. खोलीपुढं कडूलिंब होता आणि त्याच्या बुंध्याशी तीन टाळकी रोज संध्याकाळी जमायची. एक जिनिंगचा मुकादम, सगळ्यात मोठ्या आवाजाचा. एक शाळेतले उर्दूचे मास्तर, बोलायला गोड. आणि तिसरा पानवाला, ज्याच्या तोंडात पान कमी आणि विष जास्त. तिघंही मालकांचे मोठे चाहते. मालक घरी यायच्या आत यांची पंचायत भरलेली असायची आणि मी दाराआड बसून सगळं ऐकायची. बायामाणसांनी मैदानावर जायची रीत नव्हती. नवऱ्याचा खेळ मी कधी डोळ्यानं पाहिला नाही, ऐकला तेवढा यांच्याच तोंडून. वर चहा द्यायचा तो मीच.

मास्तरांचं म्हणणं, दिल कच्चा आहे बिचाऱ्याचा, बड्या लोकांपुढं घाबरतो. मुकादम म्हणायचा, घाबरायला काय झालं, लग्नाआधी काय छोटे लोक बसत होते शामियान्यात? त्याचं बोलणं मला पटायचं, हाच तर त्रास होता. मग पानवाल्यानं थुंकून सांगितलं, की लग्नाआधी कसा होता आणि लग्नानंतर कसा झाला याचा इचार करा, बायको पांढऱ्या पायाची निघाली. माझ्याच दारात बसून, माझाच चहा पिऊन! जर्मनच्या लढाईमुळं साखर मिळत नव्हती, गुळाचा चहा व्हायचा. त्या दिवशी पानवाल्याच्या कपात मी गूळ घातलाच नाही. प्याला गुमान.

तिसऱ्या मोठ्या मॅचीनंतर मुकादमाला शोध लागला. तो म्हणाला, मी आज चेंडूकडं बघितलंच न्हाई, याच्या हाताकडं बघत होतो. चेंडू जवळ आला की हा डाव्या हातानं चड्डी खाली ओढतो. दर वेळी. ही खूण आहे, समोरच्यानं समजायचं की आता हा सोडणार, तू घे. मास्तर म्हणाले, चड्डी ढिली असेल. मुकादम म्हणाला, मग एरवीच्या मॅचीत काहून ओढत न्हाई? आणि एक पाहिलं का, शामियान्याच्या बाजूला हा फिरकतच न्हाई. त्या बाजूनं मोकळी वाट असली तरी पलीकडच्या कडेला जाऊन उभा राहतो, साहेबलोकांना तोंड दिसू नये म्हणून. पैसे खाल्ले यानं. खाई त्याला खवखवे.

दाराआड मला ते खोटं म्हणवेना. कारण खवखव मला घरातही दिसत होती. मोठी मॅच आठ दिवसांवर आली की मालकांचं जेवण कमी व्हायचं. विचारलं तर काही नाही म्हणायचे. संशयाचं एक असतं, एकदा घरात शिरला की प्रत्येक भांड्यात दिसतो. मी त्यांच्या सदऱ्याचे खिसे चाचपले. ट्रंक उपसून पाहिली. सापडलं काय, तर सुपारी आणि चेंडू शिवायचा दोरा. दिवाळीला त्यांनी माझ्यासाठी हिरवं लुगडं आणलं होतं. ते कुठून आलं, कशातून आलं, या विचारानं मी त्याची घडी मोडली नाही. पुन्हा पुन्हा म्हणाले, नेस की. मी म्हणायची, नेसंन. मला त्यांचा राग यायचा आणि त्याहून जास्त माझाच यायचा.

तिसऱ्या मॅचीच्या दिवशीच, पंचायत भरायच्या आधी, आबा मैदानावरून थेट आमच्या दारात आले होते. मालक अजून मैदानावरच होते. मी पाण्याचा तांब्या पुढं केला, त्यांनी हात लावला नाही. माझ्या जन्मात आबांनी मला पहिल्यांदा पाणी नाकारलं. उभ्याउभ्याच म्हणाले, की माझ्या खुर्चीमागं लोक बोलून राहिले, पाटलाचा जावई विकला गेला. मी तुला माणूस बघून दिली होती. पुढच्या शुक्रवारी नांदेडवाले येऊन राहिले. त्या दिवशी बी असंच झालं तर बोचकं बांधून ठेव, मी गाडी घेऊन येतो. विकल्या माणसाच्या घरी माझी लेक राहणार न्हाई.

आबा एकदा बोलले की बोलले. गावात बांधाच्या भांडणावरून सख्ख्या भावाशी त्यांनी बोलणं टाकलं होतं ते कायमचं. मला पाचवा महिना होता. मी मालकांना यातलं काही सांगितलं नाही, कारण सांगून त्यांचा चेहरा पाहायची मला भीती वाटत होती. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं असतं तर मी काय केलं असतं?

मॅचीच्या आदल्या दिवशी मालकांनी माझ्यापुढं चड्डी ठेवली आणि वर जुन्या धोतराची एक पट्टी. म्हणाले, खालून एवढी जोडून दे. हे काही नवीन नव्हतं. त्यांच्या खेळायच्या चड्ड्या दोन होत्या. एक रोजची, मांडीपर्यंतची, तिला मी कधी सुई लावली नव्हती. दुसरी मोठ्या मॅचीची. तिला दुसऱ्या मॅचीला एक पट्टी जोडली होती, तिसऱ्या मॅचीला आणखी एक. आता ही तिसरी म्हटल्यावर ती पोटरीवर आली असती. आधी मला वाटलं होतं, मोठ्या लोकांत जायचं म्हणून असेल. मी दोरा ओवला, चार टाके घातले आणि मुकादमाचं बोलणं आठवलं. चड्डी ओढतो. शामियान्याकडं फिरकत नाही. एरवीच्या मॅचीत ओढत नाही.

आणि मग मला दिवाळी आठवली. जावयाची पहिली दिवाळी, अंगणात चौरंग मांडलेला, आईनं तेल-उटणं काढलेलं, आणि हे पाव्हणे धोतर, सदरा, टोपीनिशी ओट्यावर बसून. उठेचनात. पाणी निवून गेलं. आई दोनदा म्हणाली, आंघोळीला चला. समोर बाजेवर आबा पान खात बसले होते. ते बैलांकडं बघायला गोठ्यात गेले तेव्हा कुठं यांनी सदऱ्याची गुंडी काढली. पाव्हणा लाजरा आहे म्हणून घरभर हशा झाला होता. मीही हसले होते. हसता हसता विसरले होते.

 मी विचारलं, हे आबांसाठी का? मालक पट्टी सरळ करायला लागले. मी चड्डी खाली ठेवली आणि म्हटलं, बोलल्याशिवाय टाका घालणार नाही. मग जमिनीकडं बघत ते म्हणाले, "सासऱ्यापुढं उघड्या मांड्या घेऊन कसं पळावं? डोक्यावर टोपी बी न्हाई. मैदानात उतरलं की पहिली ती खुर्चीच दिसते, मंग पाय उचलत न्हाई."

आता तुम्ही हसाल. मीही हसले असते, जर रडू आलं नसतं तर. आमच्या वेळी जावई सासऱ्यापुढं बोडक्यानं बसायचा नाही, पाय पसरायचा नाही. आणि हा गडी दोन हजार डोळ्यांपुढं बेधडक पळायचा, पण त्या दोन डोळ्यांपुढं त्याचे पाय लाजेनं धरायचे. लग्नाआधी आबा याच्यासाठी कुणीतरी पाटील होते. लग्न झालं आणि सासरे झाले. म्हणजे पानवाला म्हणत होता ते एका परीनं खरंच, की खेळ माझ्या पायगुणानंच बसला. मेल्याच्या जिभेला हाड नाही, पण नेम होता.

मी म्हटलं, मग सांगा त्यांना, येऊ नका म्हणून. मालक म्हणाले, सासरा गाडी जुंपून जावयाचा खेळ बघायला येतो, त्याला येऊ नका म्हणावं? आणि गाव आधीच विकला म्हणतंय. येऊ नका म्हटलं की त्यांना वाटंल, याला काहीतरी लपवायचं आहे. हेही बरोबर होतं. मी म्हटलं, निदान त्या मुकादमाला तरी सांगा, तुमचं नाव बद्दू करून राहिला. तर म्हणाले, पैसे खाल्ले म्हणलेलं सोसतं. सासऱ्याला लाजतो हे मैदानात कळलं तर लोक त्याच्यावरूनच हाळी घालतील आणि मंग एरवीच्या मॅची बी गेल्या. मग आबांनी दिलेला दम मी त्यांना सांगितला. ऐकून ते उठले आणि कडूलिंबाखाली जाऊन एकटेच बसले. मी तिसरी पट्टी लावून टाकली. दुसरं करण्यासारखं काय होतं?

शुक्रवारी सकाळी मालक मैदानावर चुन्याच्या रेघा ओढायला गेले आणि आबांची गाडी दारात आली. आबा उतरले नाहीत. गाडीवरूनच विचारलं, बोचकं बांधलं का? मी म्हटलं, बांधलं, पण आधी खाली उतरा. उतरले, दारात उभे राहिले. मी आतून दोन्ही चड्ड्या आणल्या आणि उंबऱ्यावर शेजारी शेजारी ठेवल्या. बापापुढं नवऱ्याची चड्डी ठेवायची म्हणजे मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं, पण लाजून कुणाचं भलं झालं होतं त्या घरात!

मी म्हटलं, "आबा, ही आखूड साऱ्या गावापुढं चालते. ही लांब तुमच्यासाठी केली. दर खेपंला एक पट्टी."

आबांनी वाकून लांब चड्डी उचलली. पट्ट्या बोटांनी चाचपल्या, एक, दोन, तीन. माझ्याकडं बघितलं नाही. चड्डी होती तशी घडी करून ठेवली आणि गाडीत जाऊन बसले. गाडीवानाला म्हणाले, चल. त्यांना कळलं, की राग आला, की दोन्ही, मला काही उमगलं नाही. दुपारी मालक कपडे न्यायला आले तेव्हा मी पिशवीत दोन्ही चड्ड्या घातल्या. त्यांना आबा येऊन गेल्याचं सांगितलं नाही. ते गेल्यावर हिरवं लुगडं काढलं आणि नेसले. बोचकं ट्रंकेवर तसंच होतं.

मैदान आमच्यापासून फार लांब नव्हतं. ओरडा ऐकू यायचा, पण कुणाचा ते कळायचं नाही. एकदा मोठा ओरडा झाला, मग बराच वेळ शिट्ट्या आणि हशा. मला वाटलं, संपलं. मग पुन्हा ओरडा, आणि थोड्या वेळानं आणखी मोठा. मी चूल पेटवून नुसतीच बसून होते.

परसदाराशी जोडे वाजले. आबा एकटेच होते, गाडी बाजारात सोडून मागच्या बोळानं आलेले. आत आले, भिंतीला टेकून बसले आणि म्हणाले, चहा ठेव. मी विचारलं, काय झालं? ते म्हणाले, मला काय इचारतीस, मी कुठं पाहिलं. माझी मतीच गुंग झाली. म्हटलं, तुम्ही गेला नव्हता? म्हणाले, गेलो होतो. मागून दोनदा आपल्या लोकांचा आवाज झाला, पर मारला कोनी ते कळलं न्हाई. तुझ्या झाडाखाली येतील आता, ऐकू.

तेवढ्यात ते तिघं आलेच, भांडतच. मी आणि आबा दाराआड बसून ऐकायला लागलो. मुकादमाच्या तोंडून कळलं ते असं. मॅच सुरू व्हायची शिटी झाली आणि पाटील उठले. आपली खुर्ची उचलून उलटी मांडली आणि मैदानाकडं पाठ करून, गावाकडं तोंड करून बसले. तहसीलदारांचा चपराशी विचारायला आला तर म्हणाले, ऊन डोळ्यावर येतं. ऊन होतं दुसऱ्या बाजूला. मग काय, सारा गाव हसायला लागला. सासऱ्यानं पाठ फिरवली म्हणून पोरांनी शिट्ट्या मारल्या. पहिल्या हाफात नांदेडवाल्यांनी एक गोल चढवला. आमचा गडी चेंडू सोडून पुन्हा पुन्हा त्या खुर्चीकडंच बघून राहिला, खरं वाटत नसल्यासारखा. हाफ टाइमला आत गेला आणि चड्डी बदलून आला. आणि मग शामियान्याच्या बाजूनंच घुसला, खुर्च्यांना धूळ लागेल इतक्या जवळून. एक मारला. मग आणखी एक. तहसीलदारसाहेब उठून उभे राहिले, लोकांनी टोप्या उडवल्या.

"पर तो पाटील?" मुकादम म्हणाला. "दगड हो, दगड. दोन गोल झाले, पर मान वळवली न्हाई."

मी आबांकडं पाहिलं. ते कपातल्या चहाकडं बघत होते. ज्या माणसानं पोरवयात चेंडूपायी घरी जायचं भान ठेवलं नाही, तो दोन हात अंतरावर गोल होत असताना पाठ करून बसला होता. 

परसदाराशी पुन्हा पावलं वाजली. मालक आले होते, धुळीनं माखलेले, हातात पिशवी. दारातले जोडे त्यांनी पाहिले आणि जागीच थांबले. आबांनी कप उचलला आणि भिंतीकडं तोंड करून बसले. मालकांनी आत येऊन दांडीवरचं धोतर नेसलं, टोपी घातली, मग वाकून पाया पडले. तेव्हा आबा वळले. पिशवीत आखूड चड्डी मातीनं भरलेली होती आणि लांब चड्डी नीट घडी करून ठेवलेली, सकाळी आबांनी ठेवली होती तशी.

बाहेर पानवाला बोलत होता. म्हणत होता, की यात काहीतरी आहे. चड्डी बदलली की खेळ कसा बदलतो, ती मंतरलेली असणार. मुकादम म्हणाला, मंतरलेली कशाची, पैसे खाल्लेच होते, पण सख्ख्या सासऱ्यानं भर मैदानात पाठ दाखवली तेव्हा कुठं शरम वाटली. मास्तरही म्हणाले, हां, ये बात बराबर. आणि पाटलासारखा मानी माणूस आता या दारात पाय ठेवणार नाही, यावर तिघांचं एकमत झालं.

माझं टाळकं सरकलं. उठले, म्हटलं आज या तिघांना उभं-आडवं सांगते आणि कपबशा परत घेते. आबांनी माझ्या लुगड्याचा पदर धरला आणि खाली बसवलं.

"म्हणू दे, माय," ते हळू आवाजात म्हणाले. "पुढच्या मॅचीला बी मला तसंच बसायचंय."

मालकांनी मान खाली घातली. आबांनी त्यांच्याकडं न बघता विचारलं, की दुसरा गोल कोणत्या पायानं मारला. मालक म्हणाले, डाव्या. आबांनी मान हलवली आणि कप पुढं केला, तो मी भरून दिला.